‘८०’चा डाग : एका शाईच्या रेखाचित्राचे रसग्रहण

माझ्या टेबलावर एक चित्र आहे. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर काळ्या शाईने काढलेले दोन इंग्रजी आकडे : आठ आणि शून्य. रंग नाही, छाया नाही, चौकट नाही, खाली सही नाही. माझा एक जुना विद्यार्थी सध्या टेक्सासमध्ये शिकवतो. त्याने ते स्वतः काढून पाठवले. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच होते, ‘सर, हा तिथल्या गुरांच्या अंगावरचा डाग आहे. या डागावरून एका माणसाचे नाव पडले. तो जन्माने गुलाम होता. तुम्हाला चित्र आवडेल असे वाटले.’

‘आवडेल’ या शब्दाशी मी थोडा थांबलो. डाग आवडायचा कसा? तापलेले लोखंड जिवंत कातड्यावर दाबून उठवलेली खूण, आणि तिचे रसग्रहण करायचे? आमच्याकडे ज्यांनी सौंदर्यशास्त्राची पाठ्यपुस्तके लिहिली त्यांना असा प्रश्न पडला नसता. त्यांनी रेघेचा डौल, अवकाशाची विभागणी, आकारांचा तोल असे काही लिहून लेख संपवला असता. पण मला तो प्रश्न पडला, आणि तरीही चित्र मी काढून ठेवले नाही. महिना झाला, ते समोर आहे. म्हणजे ते मला आवडले आहे हे कबूल केलेच पाहिजे. का आवडले, ते शोधण्यासाठी हे लिहीत आहे.

आधी चित्राकडे नीट पाहू. रेघ सगळीकडे एका जाडीची आहे. वळण गिरवताना बोरूने आपण रेघ जाड-बारीक करतो तसे इथे केलेले नाही, कारण लोखंडाची पट्टी एका जाडीचीच असते. आठाच्या कंबरेशी, जिथे वरचा गोल खालच्या गोलाला भेटतो, तिथे रेघ जोडलेली नाही. बारीक फट आहे. शून्यही वरच्या अंगाला किंचित उघडे आहे. मला आधी वाटले, पोराचा हात हलला. मग विचारल्यावर कळले की फट मुद्दाम ठेवली आहे. डागणीचा आकार पूर्ण बंद असला, किंवा दोन रेघा एकमेकींना छेदून गेल्या, तर त्या जागी आच साचते, कातडे जास्त भाजते आणि खूण फिसकटते. आठाचा आठ राहत नाही, नुसता काळा गोळा होतो. म्हणून डागणी घडवणारा शहाणा लोहार अशा ठिकाणी फट ठेवतो. तापवण्याचेही तंत्र आहे. लोखंड लाल करायचे नसते. लाल झाले की केस पेटतात आणि जखम खोल जाते. ते राखेच्या रंगावर आले की काढायचे, काही सेकंद दाबायचे आणि उचलायचे. खपली पडते, केस पुन्हा उगवत नाहीत, उघडे कातडे तेवढे राहते. वासराला दिलेला हातभर डाग वासराबरोबर वाढतो. वहीत काढलेले चित्र आहे तेवढेच राहते, जनावराच्या अंगावरचे चित्र मोठे होत जाते.

या खुणा वाचायची तिथे एक रीत आहे, जवळजवळ व्याकरणच म्हणा. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, बाहेरून आत. अक्षर आडवे पडलेले असले तर त्याला ‘आळशी’ म्हणतात. दोन्ही बाजूंना पंख फुटलेले असले तर ‘उडते’, खाली कमानीसारखी रेघ असली तर ‘डुलते’, पाय फुटलेले असले तर ‘चालते’. ज्यांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते असे गुराखी अशा कितीतरी खुणा घोड्यावरून, लांबून, धुळीतून वाचत. हीसुद्धा साक्षरता आहे, आणि तिची नोंद कुठल्या शिरगणतीत होत नाही.

डागाचा इतिहास सांगायचा तर स्पेनपासून सुरुवात करावी लागते. ही रीत स्पॅनिश लोकांनी अमेरिका खंडात नेली. मेक्सिको जिंकणाऱ्या एर्नान कोर्तेसच्या गुरांवर तीन क्रूसांचा डाग असे, आणि त्या भूमीवरचा तो पहिला डाग होता असे परंपरेने सांगतात. परंपरा गुरांचे सांगते. त्याच कोर्तेसच्या सैन्याने १५२० साली तेपेयाकामध्ये युद्धात पकडलेल्या तिथल्या मूळच्या माणसांना ‘ग’ या अर्थाच्या स्पॅनिश अक्षराचा डाग दिला. ‘गेरा’ म्हणजे युद्ध, त्याचे ते पहिले अक्षर. ही हकिगत त्याच्याच फौजेतल्या बेर्नाल दियासने लिहून ठेवली आहे. म्हणजे गुरांचा डाग आणि माणसांचा डाग एकाच फौजेबरोबर त्या भूमीवर उतरले.

मेक्सिकोकडून ही रीत टेक्सासला मिळाली. १८४८ साली तिथे कायदा झाला की प्रत्येकाने आपल्या डागाची नोंद काउंटीच्या कारकुनाकडे करावी. नोंद नसलेला डाग मालकीचा कायदेशीर पुरावा ठरणार नाही. कारकुनाच्या वहीत मालकाचे नाव, जनावराच्या अंगावरची जागा, कानाची कातर आणि डागाचे शाईने काढलेले लहानसे चित्र असे. हे चित्र म्हणजे शोभेची गोष्ट नव्हती, ते कायद्याचे कलम होते. लोखंडाने कातड्यावर काय केले त्याला शाईने मान्यता द्यायची. ही पद्धत तिथे आजही चालू आहे, दर दहा वर्षांनी नोंद नवी करावी लागते.

आता एक शब्द घेऊ. इंग्रजीत ‘मॅव्हरिक’ म्हणजे कुणाच्या कळपात न राहणारा, स्वतंत्र बाण्याचा माणूस. आमचे इंग्रजी वर्तमानपत्रवाले बंडखोर पुढाऱ्याला मोठ्या कौतुकाने हे विशेषण लावतात. हा शब्द सॅम्युएल मॅव्हरिक (१८०३-१८७०) या टेक्सासच्या वकील-जमीनदाराच्या आडनावावरून आला. १८४७ साली त्याला बाराशे डॉलरच्या कर्जापोटी चारशे गुरे मिळाली. त्याला गुरांत रस नव्हता. त्याने ती समुद्रकाठी एका गुलाम कुटुंबाच्या हवाली केली आणि आपण शहरात राहिला. वासरांना डाग दिला गेला नाही. बिनडागाचे जनावर दिसले की शेजारी म्हणू लागले, ‘ते मॅव्हरिकचे असणार.’ पुढे कुठल्याही बिनडागाच्या वासराला तो शब्द चिकटला, आणि तिथून माणसांना. या शब्दाच्या जन्मकथेत कष्ट करणारे जे कुटुंब आहे, ते सांगताना उल्लेखापुरते येते, आणि येते ते बहुधा ढिलाईचे कारण म्हणून. मालकाने पाहिले नाही ही त्याची विक्षिप्त थोरवी. गुलामाने डागले नाही हा त्याचा आळस. स्वतःच्या मालकीचे नसलेले वासरू त्याने कशासाठी डागावे, हे कुणी विचारत नाही. स्वातंत्र्याचा एवढा मोठा शब्द, आणि त्याच्या मुळाशी स्वातंत्र्य नसलेली माणसे बसलेली.

वासरू कुणाचे हे ठरवायचा नियम सोपा होता. ज्या गाईमागे ते चालते, त्या गाईच्या अंगावरचा डाग त्याला द्यायचा. गाईचा धनी तो वासराचा धनी. हाच नियम १६६२ साली व्हर्जिनियाच्या वसाहतीने माणसांना लावला : मुलाची स्थिती आईच्या स्थितीवरून ठरेल. बाप गोरा असो, खुद्द मालक असो, आई गुलाम तर मूल गुलाम. इंग्रजांच्या स्वतःच्या रीतीत मूल बापाचे. पण इथे बापाचा नियम लावला असता तर मालकाची मुले मोकळी झाली असती. म्हणून नियम फिरवला आणि गोठ्यातला नियम घरात आणला. आमच्याकडे जात बापाची लागते, नियम उलटा आहे. पण ज्याच्या हातात पोथी त्याच्या सोयीने नियम ठरतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

आता तो माणूस. डॅनियल वेब्स्टर वॉलेस. जन्म १५ सप्टेंबर १८६०, टेक्सासच्या व्हिक्टोरिया काउंटीत, इनेझ गावाजवळ. त्याच्या जन्माच्या तीन महिने आधी त्याच्या आईला ओ’डॅनियल कुटुंबाला विकले होते. गाभण गाय विकली की पोटातले वासरूही व्यवहारात जाते, तसा हा जन्माआधीच विकला गेला. त्या वर्षीच्या शिरगणतीत टेक्सासमध्ये १,८२,५६६ गुलाम नोंदले आहेत. दहा माणसांत तीन. तो पाच वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, १९ जून १८६५ रोजी, गॅल्व्हेस्टन बंदरात जनरल ग्रेंजरने हुकूम वाचला की सगळे गुलाम मुक्त आहेत. लिंकनच्या जाहीरनाम्याला तेव्हा अडीच वर्षे होऊन गेली होती. हा दिवस २०२१ पासून तिथे राष्ट्रीय सुट्टीचा आहे. मुलाचे नाव ज्या डॅनियल वेब्स्टरचे, तो थोर वक्ता म्हणून गाजलेला सेनेटर. त्याने १८५० साली ज्या तडजोडीची बाजू घेतली तिच्यात पळून गेलेले गुलाम पकडून परत देण्याचा कायदा होता. नावांचे असे असते. आमच्या वस्तीतही एकेकाळी पोरांची नावे दगड्या, धोंड्या, कचऱ्या. आणि कुणी हौसेने राजा ठेवलेच तर गाव त्याला राज्या म्हणणार.

पोर कापसात खुरपत वाढले आणि वयात येता येता गुरांच्या कळपाबरोबर निघून गेले. त्या काळी दक्षिण टेक्सासची मोकाट लांबशिंगी गुरे शेकडो मैल हाकत उत्तरेच्या रेल्वेपर्यंत नेत. हे हाकणारे सगळे गोरे होते अशी समजूत सिनेमाने करून दिली. १९६५ साली फिलिप डरहम आणि एव्हरेट जोन्स यांचे काळ्या गुराख्यांवरचे पुस्तक आले तोपर्यंत या बाबतीत विद्यापीठेही सिनेमावरच विसंबून होती म्हटले तरी चालेल. त्या वाटेवरच्या चार गुराख्यांत एक काळा असावा असा अंदाज आज इतिहासकार करतात. यात आश्चर्य ते काय? गुलामीच्या काळात टेक्सासात गुरे सांभाळत कोण होते? काम येत होते त्यांना.

वॉलेसने वेगवेगळ्या मालकांकडे कामे केली आणि शेवटी क्ले मॅन या पशुपालकाकडे बरीच वर्षे राहिला. क्ले मॅनच्या गुरांवर मोठा ‘८०’ असे. त्या ८० वरून वॉलेसला लोक ‘एटी जॉन’ म्हणू लागले. ऐंशीवाला जॉन. यातले ८० मालकाच्या गुरांचे. जॉन हेही त्याचे नाव नव्हे. तिथे काळ्या माणसाला हाक मारायला असे एखादे नाव पुरत असे. डॅनियल वेब्स्टर वॉलेस या नावातले एकही अक्षर शिल्लक राहिले नाही. आणि तो जन्मभर याच नावाने ओळखला गेला, मेल्यावरही. त्याच्या मुलीने, हेट्टी वॉलेस ब्रँच यांनी, १९६० साली बापाचे चरित्र प्रसिद्ध केले त्याच्या नावातही ‘८०’ आहे.

इथे मी अडलो होतो. मुलीने तरी ते नाव का ठेवावे? डाग पुसून का टाकू नये? आमच्यातल्या कित्येकांनी आडनावे बदलली, गावाची नावे लावली, आणि ते योग्यच केले. मीही केले आहे. पण वॉलेसची पुढची हकिगत वाचल्यावर उत्तर थोडे थोडे दिसू लागले.

क्ले मॅनकडे त्याला महिना तीस डॉलर पगार होता. वॉलेसने मालकाला सांगितले, मला पाचच डॉलर द्या. पंचवीस ठेवून घ्या, आणि त्यांची मला गुरे द्या. असे दोन वर्षे चालले. त्याची गुरे मालकाच्याच कुरणात चरत. म्हणजे दिवसभर तो ८० डागलेल्या गुरांमागे फिरे, आणि त्याच कुरणात त्याच्या मालकीची काही जनावरे असत, ज्यांच्यावर ८० नव्हता. कायद्याने त्याला स्वतःचा डाग घेता येत होता. हे साधे वाक्य मी पुन्हा लिहितो, कारण यावर सगळे अवलंबून आहे. दक्षिण कॅरोलिनात १७४० साली जो गुलामांचा कायदा झाला त्यात गुलामाने गाय, घोडा, मेंढी, डुक्कर पाळू नये असे कलम होते. जो स्वतःच कुणाची मालमत्ता आहे त्याला मालमत्ता कशी असेल? आणि त्याच दक्षिणेतल्या एका राज्यात, गुलाम म्हणून जन्मलेला माणूस पंचविशीच्या आत गुरांचा धनी झाला होता.

सुमारे १८८५ मध्ये त्याने मिचेल काउंटीत लोरेन गावाजवळ जमीन घेतली. त्याच सुमारास, पंचवीस वर्षांचा असताना, तो शाळेत गेला. गुरे वाचता येत होती, कागद वाचता येत नव्हता. नवारो काउंटीतल्या काळ्या मुलांच्या शाळेत तो दुसरीच्या वर्गात बसला, दोन हिवाळे. तिथेच लॉरा डी ओवेन्स भेटली आणि १८८८ साली त्यांचे लग्न झाले. पुढे दुष्काळ आले, गुरांचे भाव कोसळले, त्याने पुन्हा चाकरी केली, पुन्हा जमीन सांभाळली. २८ मार्च १९३९ रोजी तो वारला तेव्हा हजारो एकरांचा धनी होता आणि पशुपालकांच्या संघाचा जुना सभासद. कोलोरॅडो सिटीतल्या शाळेला पुढे त्याचे नाव दिले गेले. ती शाळा काळ्या मुलांसाठी वेगळी काढलेली होती, हेही त्याच वाक्यात सांगायला हवे. एवढी जमीन असूनही त्याच्या नातवंडांना गोऱ्यांच्या बाकावर बसता आले नसते.

म्हणून मी त्याला आदर्श वगैरे म्हणणार नाही. एका माणसाच्या बचतीने व्यवस्था मोडत नाही, आणि ‘बघा, कष्ट केले तर वर येता येते’ असे आम्हाला ऐकवायला जे टपलेले असतात त्यांच्या हाती ही गोष्ट द्यायची माझी तयारी नाही. त्याच टेक्सासमध्ये मुक्त झालेली हजारो काळी कुटुंबे बटाईच्या शेतीत आणि कर्जात पिढ्यान्‌पिढ्या अडकली. पण त्याने एक गोष्ट ओळखली होती. डाग देणारा हात कुणाचा आहे आणि वहीत नाव कुणाचे आहे, यावर सगळे ठरते. त्याने वही गाठली.

आता आपल्याकडे येतो. डाग म्हटल्यावर आमच्या कार्यकर्त्यांना लगेच गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू आठवेल. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’च्या १९३६ सालच्या भाषणात पेशवाईतल्या या खुणांचा उल्लेख केला आहे. त्यात काळ्या दोऱ्याचाही उल्लेख आहे : अस्पृश्याने मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा, म्हणजे चुकून कुणाला शिवाशिव होणार नाही. मला नेहमी हा दोरा मडक्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. दोरा लागत होता याचा अर्थ, दोऱ्याशिवाय ओळखू येत नव्हते. माणूस माणसासारखाच दिसत होता. फरक अंगात नव्हता म्हणून तो वरून बांधावा लागला.

आणि तरी या दोन खुणांत मोठे अंतर आहे. डाग सांगतो, ‘हे माझे आहे.’ दोरा सांगतो, ‘हे आपल्यातले नाही.’ गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना बाबासाहेबांनी नेमके इथे बोट ठेवले होते. गुलाम ही मालमत्ता होती, म्हणून त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ होता. अस्पृश्याच्या जगण्याची जबाबदारी कुणावरच नव्हती. त्यांचे ते लेखन त्यांच्या निर्वाणानंतर प्रसिद्ध झाले. हा युक्तिवाद मला पटतो, पण तो वाचल्यावर मी स्वतःला विल्सन चिनचे छायाचित्र पाहायला लावतो. १८६३ साली काढलेले. लुइझियानातला साठीचा म्हातारा, त्याच्या कपाळावर त्याच्या मालकाच्या नावाची तीन आद्याक्षरे तापल्या लोखंडाने उठवलेली : व्ही, बी, एम. साखरेचा मळेवाला होता तो मालक. त्या छायाचित्राच्या प्रती विकून आलेला पैसा मुक्त गुलामांच्या शाळांसाठी वापरला. ‘जगवण्यात स्वार्थ’ म्हणजे काय ते त्या कपाळावर लिहिलेले आहे. फ्रेंच वसाहतींच्या १६८५ च्या कायद्यात पळालेल्या गुलामाचे कान कापून खांद्यावर राजचिन्हाचा डाग द्यावा असे होते. ते राजचिन्ह म्हणजे एक सुंदर फूल. दोन दुःखांची तुलना करताना तराजू हातात धरावा, पण तो धरणारा हात थरथरला पाहिजे.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइसना पत्र लिहिले. १९७२ साली आमच्या पोरांनी मुंबईत ‘पँथर’ हे नाव उचलले. म्हणून टेक्सासच्या गुराख्याविषयी सातारा जिल्ह्यातल्या मास्तराने लिहावे यात नवल वाटू नये. या वाटेने आधी बरीच माणसे गेली आहेत.

गुरांशी आमचे नाते काय होते, ते सांगितल्याशिवाय मात्र हे रसग्रहण खोटे ठरेल. माझा आजा माणदेशातल्या एका गावात येसकर होता. जिवंत गुराला धनी असतो, मेले की ते महाराचे : एवढी साधी मालकीची व्यवस्था. पाटलाच्या गोठ्यातला खिल्लारी बैल जिवंत असताना त्याच्या पाठीला आज्याने हात लावायचा नाही, आणि मेला की त्याच आज्याने त्याचे पाय बांधून गावाबाहेर ओढायचा. कातडे, मांस, हाडे, सगळा हक्क. हक्क! वतनाच्या भाषेत त्याला हक्कच म्हणत. आणि गावात लागोपाठ दोन-तीन जनावरे मेली की विषाचा संशय याच हक्कापोटी महारवाड्यावर. आमच्या गावी गुरांना मालकीचा डाग नव्हता. डागायचे ते दुखण्यावर उपाय म्हणून, किंवा देवाला सोडलेल्या वळूला त्रिशूळ-चक्राचा डाग देत. तो वळू कुणाच्याही पिकात शिरला तरी त्याला कुणी मारायचे नाही. डाग असून मोकळा असा तोच एक प्राणी गावात होता. बाकीच्या गुरांना डागाची गरज नव्हती, कारण सगळ्या गावाला ठाऊक होते की महारवाड्यात गुरे नसतात.

येसकराचे आणखी एक काम म्हणजे पिकात शिरलेली मोकाट गुरे कोंडवाड्यात नेणे. कोंडवाड्याचा कायदा १८७१ सालचा, त्या वर्षीचा पहिलाच. त्याच वर्षी पुढे सत्ताविसावा कायदा झाला तो गुन्हेगार जमातींचा. सरकारने एका वर्षात आधी मोकाट गुरांची आणि मग मोकाट माणसांची सोय लावली. दया पवारांच्या १९७४ सालच्या कवितासंग्रहाचे नाव ‘कोंडवाडा’ आहे. मुखपृष्ठावर ते नाव पहिल्यांदा वाचले तेव्हा मला कवितेआधी आज्याच्या हातातली किल्ली आठवली.

१९५६ नंतर महारवाड्याने ढोरे ओढायचे सोडले. गावाने गायरान बंद केले, पाणी बंद केले. हे सगळीकडे झाले, त्याचा पाढा इथे वाचत नाही. त्यानंतर तीन-चार वर्षांनी, वतने गेल्यावर, आज्याने ठरवले की गाय घ्यायची. चुलते मुंबईला गिरणीत होते. त्यांनी पैसे पाठवले. आजा एका जत्रेच्या बाजारात गेला आणि एकशे वीस रुपयांना खिल्लार कालवड घेतली, दोन दाती, पांढरी. गुरांच्या बाजारात सौदा रुमालाखाली होतो. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवतात, तोंडाने आकडा बोलत नाहीत. त्या दलालाने आज्याला बोट दिले नाही. रुमाल खांद्यावर टाकून तो मोठ्याने म्हणाला, ‘ईस वर शंभर. घ्यायची आसंल तर घे.’ सगळ्या बाजाराने भाव ऐकला. आजा हे सांगताना हसायचा. म्हणायचा, ‘माझाच येवार तेवढा उजेडात झाला.’

बाजारात पावती मिळते. जनावराचे वर्णन, दात, रंग, शिंगे, कुठे पांढरा-काळा ठिपका, विकणार, घेणार. आज्याने ती पावती तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत ठेवली आणि डबी कधी नजरेआड केली नाही. सहा महिन्यांत तिची गरज पडली. एका संध्याकाळी कालवड घरी आली नाही. ती कोंडवाड्यात होती. एका वजनदार शेतकऱ्याच्या गड्याने ती उभ्या ज्वारीत सापडली म्हणून आणून घातली होती. आजा दंड भरायला गेला तर प्रश्न निराळाच निघाला. ‘ही तुझी कशावरनं?’ ज्या कोंडवाड्याची किल्ली तीस वर्षे आज्याकडे होती त्याच्या दारात त्याला विचारले, ‘म्हाराकडं खिल्लार कुटनं आली? कुनाची वडून आनलीस?’ मी तेव्हा दहा वर्षांचा, आज्याचे धोतर धरून उभा. आज्याने डबी उघडली, पावती काढली, हातात दिली नाही. समोर उलगडून धरली आणि म्हणाला, ‘वाचा मोठ्यानं.’ ज्याने वाचायची त्याने वाचली. रंग पांढरा. दोन दाती. डाव्या कानामागे काळा ठिपका. घेणाराच्या नावापर्यंत येऊन तो थांबला, आणि ते नाव त्याने वाचले नाही. दंड घेऊन कालवड सोडली.

मला वाटते, चित्र आवडायचे कारण इथे कुठेतरी आहे. कारकुनाच्या वहीतली रेघ सुंदर असते ती तिच्या वळणामुळे नव्हे. तिच्या जोरावर एखादा माणूस चारचौघांत उभा राहून ‘हे माझे’ म्हणू शकतो की नाही, यावर माझ्यापुरते तिचे सौंदर्य ठरते. तीच रेघ विल्सन चिनच्या कपाळावर असली तर तिच्यासारखे किळसवाणे दुसरे काही नाही. वॉलेसच्या मुलीने ‘८०’ का ठेवला, तेही मला आता कळल्यासारखे वाटते. तो आकडा बापाच्या मालकाचा होता खरा, पण त्या गुरांमागे कोण फिरले ते तिला ठाऊक होते. क्ले मॅनचे नाव आज टेक्सासबाहेर कोण घेतो? ऐंशी म्हटले की लोकांना वॉलेस आठवतो. डाग ज्याने दिला त्याच्याकडून तो ज्याला लागला त्याच्याकडे गेला, पुरता गेला.

आज्याची पावती अजून आहे. घडीवर फाटली होती, मी मागून पातळ कागद चिकटवला. कारकुनाची शाई तपकिरी झाली आहे. घेणाराच्या जागी आज्याचे नाव आहे, बापाचे नाव आहे, आणि आडनावाच्या जागी ‘महार’. खाली आज्याची निशाणी. अंगठ्याला शाई जास्त लागली असावी, मधल्या रेघा एकमेकींत मिसळल्या आहेत, कडेच्या तेवढ्या सुट्या दिसतात. शेजारी कारकुनाने रिवाजाप्रमाणे ‘नि. डा. हा. अं.’ असे लिहिले आहे. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. विद्यार्थ्याचे चित्र पोस्टकार्डाएवढे असल्याने डबीत मावत नाही. पावतीच मी बाहेर काढली आहे आणि टेबलाच्या काचेखाली ‘८०’च्या बाजूला ठेवली आहे.